सातशे किलोमीटर आणि छप्पन्न तास

कोल्हापूरहून नागपूर किती लांब, या साध्या प्रश्नाला निदान चार उत्तरं आहेत आणि चारही खरी आहेत. कोल्हापूरची उजळाईवाडीची धावपट्टी आणि नागपूरची सोनेगावची धावपट्टी यांच्यामध्ये दोरा ताणला तर अंतर भरतं सुमारे ७०० किलोमीटर. मुंबईत विमान बदललं तर तेच अंतर ९९० किलोमीटरच्या घरात जातं. हैदराबादला बदललं तर ८८०. आणि छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून दुपारी सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली तर मिरज, सातारा, पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा अख्ख्या राज्याला वळसा घालत बाराशेहून अधिक. गोंदियापर्यंत जाणारी ही गाडी तेराशे किलोमीटरपेक्षा जास्त धावते आणि एकदाही राज्याची हद्द ओलांडत नाही.

गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात आहे. महाराष्ट्रातल्याच दोन शहरांमध्ये ये-जा करणाऱ्याला स्वतःच्या राजधानीपेक्षा शेजारच्या राज्याची राजधानी शंभरेक किलोमीटरनं सोयीची पडते. कोल्हापूर-हैदराबाद-नागपूर हा त्रिकोण कागदावर काढून पाहिला की महाराष्ट्राच्या हवाई नकाशाचा स्वभाव कळतो. सगळे धागे मुंबईला बांधलेले आहेत, आणि मुंबई राज्याच्या एका टोकाला, समुद्रात पाय सोडून बसलेली आहे.

वेळेचंही तसंच. मोबाइलला विचारलं की तो छातीठोकपणे सांगतो, विमानानं साधारण एक तास वीस मिनिटं. हा आकडा काढायची रीत शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितासारखी सरळ आहे. अंतराला विमानाच्या वेगानं भागायचं आणि चढण्या-उतरण्याची वीस-पंचवीस मिनिटं त्यात मिळवायची. त्या गणितातली आगगाडी कधी उशिरा सुटत नसे आणि मोबाइलमधलं विमान रोज, हवं त्या क्षणी, प्रवासी म्हणेल तेव्हा उडतं.

खरं विमान तसं उडत नाही. छोट्या शहरांच्या हवाई प्रवासाबद्दल बोलताना पुढारी, कंपन्या आणि वर्तमानपत्रं ज्या दोन आकड्यांवर भर देतात, म्हणजे किती किलोमीटर आणि किती मिनिटं, ते दोन्ही आकडे प्रवाशाच्या दृष्टीनं सर्वांत कमी कामाचे आहेत. त्याला हवा असलेला आकडा निराळा आहे: एक विमान सुटलं की पुढचं किती तासांनी?

आधी मोबाइलचं उत्तर तपासू. ७०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं कमीत कमी अंतर. विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गांवरून जातं, वाऱ्याला सामोरं उडतं, मग वळतं, आणि उतरतानाही धावपट्टीच्या दिशेशी जुळवून घेत फेरा मारतं. त्यात आकाशाचा मोठा हिस्सा हवाई दलासाठी राखीव असतो. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं, की नागरी विमानांना देशाच्या आकाशाचा ६० टक्केच भाग मोकळेपणानं वापरता येतो, आणि ही बंधनं सैल केली तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. तेव्हा आकाशातही घाट, वळणं आणि बंद रस्ते आहेत. ते दिसत नाहीत एवढंच.

वेळापत्रकात छापलेला वेळ तर उड्डाणाचा नसतोच. विमान उभं असताना त्याच्या चाकांना पुढून-मागून पाचरी लावलेल्या असतात. धंद्यात त्यांना चॉक्स म्हणतात. निघताना त्या काढल्या जातात, पोचल्यावर पुन्हा लावल्या जातात, आणि या दोन क्षणांमधला वेळ म्हणजे तिकिटावरचा वेळ. त्यात रांगत धावपट्टीपर्यंत जाणं, तिथं परवानगीची वाट पाहणं, उतरल्यावर पुन्हा रांगणं हे सगळं येतं. शिवाय उशीर झाला तरी वेळेवर पोचल्याचं दाखवता यावं म्हणून कंपन्या त्यात काही मिनिटांची भर घालून ठेवतात. गाव सोडताना एसटीचा कंडक्टर घंटी मारतो तिथून गाव आल्यावर पुन्हा मारतो तिथवर, असा हा हिशेब.

आता प्रवाशाचा हिशेब. थेट विमान आहे असं धरू. राजारामपुरीतून विमानतळापर्यंत अर्धा तास. बहुतेक कंपन्यांचं चेक-इन उड्डाणाआधी एक तास बंद होतं, म्हणून सावध माणूस दीड तास आधी पोचतो. विमानाचा वेळ साधारण एक तास पंचवीस मिनिटं. उतरून सामान मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं, आणि सोनेगावहून सिव्हिल लाइन्सपर्यंत आणखी अर्धा तास. बेरीज चार तास वीस मिनिटं. यातला जो वेळ विमान खरोखर आपल्या पूर्ण वेगानं उडत असतं, तो जेमतेम पाऊण तास. उद्या दुप्पट वेगाचं विमान आणलं, तरी या चार तास वीस मिनिटांतून वीस-बावीस मिनिटंच कमी होतील.

म्हणूनच जवळच्या मार्गांवर जेट की पंख्याचं विमान हा वाद प्रवाशाच्या फारसा कामाचा नाही. एटीआर हे पंख्याचं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, जेट त्याच्या दीडपटीहून वेगानं. पण कोल्हापूर-मुंबईसारख्या ३०० किलोमीटरच्या पल्ल्यावर जेट वर चढून स्थिरावतं न स्थिरावतं तोच खाली यायची वेळ होते. फरक पडतो दहा-पंधरा मिनिटांचा, आणि एटीआर इंधन बरंच कमी जाळतं.

अंतराला किती कमी अर्थ असतो याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांमध्ये आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या धावपट्ट्यांमध्ये अंतर आहे २.७ किलोमीटर. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटं दिलेली आहेत, आणि वारा पाठीशी असताना हे अंतर एका मिनिटाच्या आत, ५३ सेकंदांत कापल्याची नोंद आहे. जगातलं हे सर्वांत छोटं नियमित उड्डाण १९६७ पासून चालू आहे. आठ प्रवासी बसतील एवढं विमान, गवताची नाहीतर खडीची धावपट्टी, आणि खाली खवळलेला समुद्र. पर्यटक विक्रमासाठी येतात. बेटावरची माणसं, शिक्षक, डॉक्टर, रुग्ण, शाळेतली मुलं, त्यात बसतात कारण ते त्यांच्या दिवसात बसतं. सकाळी जाऊन काम आटोपून परतता येतं. उड्डाण दोन मिनिटांचं असो की वीस, त्यांच्या लेखी ते सारखंच.

हाच मुद्दा कोल्हापूर-नागपूरला लावून पाहता येतो. आठवड्याचे तास १६८. एखाद्या मार्गावर आठवड्यातून तीन फेऱ्या असतील आणि त्या अगदी सारख्या अंतरानं वाटलेल्या असतील, तर दोन विमानांमध्ये ५६ तास पडतात. ज्याचं काम केव्हाही निघू शकतं, म्हणजे ज्याच्या घरी आजारपण आहे, कोर्टाची तारीख आहे, मुलाची मुलाखत आहे, त्याला सरासरी २८ तास थांबावं लागेल. फेऱ्या शुक्रवार, शनिवार, रविवार अशा लागोपाठ असतील तर सरासरी आणखी वाईट होते. वाहतुकीचे अर्थतज्ज्ञ या थांबण्यालाही प्रवासाच्या वेळेत धरतात, आणि ते बरोबरच आहे. माणूस विमानतळाच्या खुर्चीत बसून थांबला काय आणि स्वतःच्या घरात थांबला काय, काम अडलेलंच असतं.

परतीचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. सोमवारी नागपूरला गेलेल्याचं काम दुपारी तीनला उरकलं आणि परतीचं विमान बुधवारी असेल, तर दोन रात्रींचं लॉज, चार वेळचं जेवण आणि दुकानाचे किंवा रजेचे दोन दिवस हा सगळा त्या स्वस्त तिकिटाचा भाग आहे. ते तिकिटावर छापलेलं नसतं.

या बाबतीत सर्वांत चांगला धडा खुद्द नागपूरच्याच नावावर आहे, आणि तो पाऊणशे वर्षांपूर्वीचा आहे. जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चौघं नागपूरला भेटत. सोनेगावच्या तळावर थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, इंधन भरलं जाई, आणि पहाटे चारही शहरांत विमानं उतरलेली असत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या टेबलावर.

ही विमानं होती डाकोटा. युद्धातून उरलेली, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग असलेली, आजच्या एटीआरपेक्षाही कितीतरी मंद. मुंबई-कलकत्ता हे अंतर नागपूरमार्गे गेल्यानं काही कमी झालं नव्हतं. कमाल होती ती वेळापत्रकाची. देशाच्या मधोमध एक जागा धरायची, सगळी विमानं तिथं एकाच वेळी आणायची, आणि जो वेळ माणसं झोपेत घालवतात तोच वेळ प्रवासाला वापरायचा. आज जगभरातल्या कुरिअर कंपन्या रात्रीच्या अंधारात नेमकं हेच करतात. झीरो माईलचा दगड मिरवणाऱ्या शहराला आपण मध्यभागी आहोत याचा अभिमान असतोच, पण मध्यभागी असण्याचा उपयोग कसा करायचा हे त्या चार डाकोटांनी दाखवलं होतं.

नंतरच्या काळात देशानं वेळापत्रकापेक्षा धावपट्ट्या मोजायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये छोट्या शहरांना विमानसेवेनं जोडणारी उडान योजना जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली या पहिल्या उड्डाणाबरोबरच नांदेड-हैदराबाद सेवेलाही झेंडा दाखवला गेला. हवाई चपलेतला माणूस हवाई जहाजात बसेल, ही घोषणा तेव्हाची. योजनेची रचना अशी होती, की साधारण तासाभराच्या, पाचशे किलोमीटरच्या पल्ल्याला निम्म्या आसनांचं भाडं २,५०० रुपयांवर बांधायचं, कंपनीला येणारी तूट सरकारनं तीन वर्षं भरून द्यायची, त्या काळात मार्गावर दुसऱ्या कुणाला येऊ द्यायचं नाही, आणि अशा विमानतळांवर राज्यानं इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचा. भाडं ठरलं अंतरावर, तुटीची भरपाई ठरली अंतरावर आणि आसनांवर. फेऱ्यांचं काय? आठवड्याला किमान तीन.

म्हणजे ५६ तासांचं अंतर हा कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. योजनेनंच ते पुरेसं मानलं होतं.

पुढे काय झालं ते नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षांचा काळ पूर्ण केला ११२ मार्गांनी. आणि मार्च २०२३ पर्यंत, सरकारी मदत संपल्यावरही चालू राहिले ते ५४. दिलेल्या मार्गांच्या हिशेबात हे सात टक्के होतात.

या आकड्यांवरून योजनाच चुकीची होती असं म्हणण्याचा मोह होतो. ते घाईचं ठरेल. बंद पडलेल्या मार्गांची कारणं अनेक होती: तयार नसलेले विमानतळ, छोट्या विमानांचा तुटवडा, बुडालेल्या कंपन्या, मधेच आलेली करोनाची साथ. पण या यादीत एक कारण जवळपास सगळीकडे मुरलेलं आहे. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या विमानावर कुणी आपल्या आयुष्याची घडी बसवत नाही. एकदा विमान चुकलं किंवा रद्द झालं, की माणूस पुढच्या वेळी तिकीट काढताना विचार करतो, आणि तिसऱ्या वेळी थेट ट्रॅव्हल्सचं तिकीट काढतो. मग आसनं रिकामी राहतात, रिकाम्या आसनांमुळे फेऱ्या कमी होतात, आणि कमी फेऱ्यांमुळे आणखी आसनं रिकामी राहतात.

दुसऱ्या देशांनी हा पेच वेगळ्या टोकानं पकडला. अमेरिकेनं १९७८ साली विमान कंपन्यांवरची बंधनं उठवली, तेव्हा छोट्या गावांची सेवा बंद पडेल हे ओळखून एक वेगळी मदत योजना केली. तिच्यात गावाला मिळणाऱ्या सेवेचं माप साधारणपणे दिवसाला दोन फेऱ्या असं धरलं जातं, आणि विमान लहान असेल तर फेऱ्या जास्त. नॉर्वेत उत्तरेकडच्या किनाऱ्यावर ८०० मीटरच्या आखूड धावपट्ट्यांची माळ आहे. तिथं सरकार निविदा काढतं तेव्हा रोजच्या फेऱ्या आणि आसनं अटींमध्येच लिहिलेली असतात. भारतात धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटर झाली की पेढे वाटले जातात, कोल्हापुरातही वाटले गेले. आणि ते काही चूक नव्हतं, कारण लांब धावपट्टीशिवाय मोठी विमानं येत नाहीत. पण ८०० मीटरवर दिवसातून चार वेळा उतरणारं ३९ आसनांचं विमान आणि लांबलचक धावपट्टीवर आठवड्यातून तीनदा उतरणारं १८० आसनांचं विमान यांत गावाच्या जास्त उपयोगी कोणतं, हा प्रश्न उद्घाटनाच्या मांडवात निघत नाही.

फेऱ्या वाढवणं कंपनीच्या एकटीच्या हातात नसतं, हेही खरं. मुंबईचा जुना विमानतळ घ्या. त्याच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. तिच्यावरून दिवसाला नऊशे-हजार विमानांची ये-जा होते. अशा ठिकाणी उतरण्याची वेळ, ज्याला धंद्यात स्लॉट म्हणतात, ही सोन्याच्या भावाची वस्तू. १९ आसनांचं विमान आणि १८९ आसनांचं विमान दोघंही धावपट्टी सारखाच वेळ अडवतात. सकाळी आठचा स्लॉट कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये नाशिक आणि जळगाव १९ आसनी विमानांनी मुंबईला जोडले गेले होते. सेवा टिकली नाही, आणि मुंबईत सोयीची वेळ मिळवणं हा तिच्यापुढचा मोठा अडसर होता. नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरात वाहता झाला. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा राज्यातल्या छोट्या शहरांसाठी काही प्रमाणात राखून ठेवायच्या की नाहीत, हा निर्णय एखाद्या नव्या धावपट्टीपेक्षा जास्त परिणाम करील. आणि तो आत्ताच घ्यायला हवा, कारण दोन-चार वर्षांत त्याही वेळा भरून जातील.

दुसरी अडचण छोट्या विमानतळांच्या पोटातली. एकच विमान दिवसभरात सहा-सात फेऱ्या मारत असतं. सकाळी भलत्याच शहरात धुकं पडलं की त्याची फळं संध्याकाळी भलत्याच गावाला भोगावी लागतात. मोठ्या विमानतळावर उशिरा आलेलं विमान उशिरा का होईना उतरतं. छोट्या विमानतळाचे नियंत्रण कक्षाचे तास ठरलेले असतात, आणि रात्री उतरण्याची सोय नसेल तर सूर्य मावळला की दुकान बंद. तिथं दीड तासाचा उशीर म्हणजे रद्द. ‘नाइट लँडिंग’ हा शब्द महाराष्ट्रातल्या जिल्हा पानांवर गेली पंधरा वर्षं इतक्या वेळा छापून आला आहे, की लोकांना तो पुढाऱ्यांच्या हौसेचा विषय वाटतो. प्रत्यक्षात तो वेळापत्रकाचा कणा आहे. दिव्यांशिवाय सकाळी लवकर निघून रात्री परत येणारं विमान शक्यच नाही.

लोक फेऱ्यांना किती किंमत देतात याचा पुरावा हवा असेल तर तळकोकणात जावं. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. मालवणकर, वेंगुर्लेकर यांच्या अगदी अंगणात. सव्वा वर्षानं, ५ जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या मोपाला विमानं उतरू लागली. दोन धावपट्ट्यांमध्ये सरळ रेषेत अंतर पन्नास किलोमीटरच्या आत. चिपीची सेवा हेलकावे खात राहिली, मोपाची वाढत गेली. मालवणचा चाकरमानी दीड-दोन तास गाडी करून मोपाला जातो, कारण तिथं सकाळचं विमान चुकलं तर दुपारचं असतं. अंतराच्या गणितानं त्यानं चिपीला जायला हवं होतं. पण त्याला गणपतीला वेळेत पोचायचं असतं.

आणि रस्ता? समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. योगायोग असा, की कोल्हापूर-नागपूरचं आकाशातलं अंतरही जवळपास तेवढंच. ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला आणि मुंबई-नागपूर प्रवास आठ तासांचा झाला. विमान हेच सातशे किलोमीटर दीड तासात कापतं. पण आठ तासांचा रस्ता पहाटे चारलाही उघडा असतो आणि रात्री अकरालाही. तिथं ५६ तास कुणी थांबत नाही.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं यश तर विमान कंपन्यांनी नीट अभ्यासावं असं आहे. संध्याकाळी सातला जेवणाचा डबा घेऊन स्लीपरमध्ये चढलेला माणूस पडदा ओढतो, चादर पांघरतो आणि सकाळी मुक्कामी उतरतो. चौदा तास गेले, पण त्यातले आठ तो घरीही झोपलाच असता. दिवस शाबूत राहतो. याउलट दुपारी दोनचं विमान दिवसाचे दोन तुकडे करतं: सकाळ निघण्याच्या गडबडीत जाते, संध्याकाळ पोचण्यात. घड्याळात विमान चार तासांचं आणि बस चौदा तासांची. दुकानदाराच्या वहीत मात्र विमान एक दिवस खातं आणि बस जवळपास काहीच नाही. १९४९ च्या टपाल खात्याला जे कळलं होतं तेच ट्रॅव्हल्सवाल्यांना कळलेलं आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विमानतळाची किंमत निव्वळ रोजच्या प्रवाशावरून का मोजायची? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, कोल्हापूर रस्त्यानं तुटलं, आणि अशा वेळी धावपट्टी म्हणजे जीव वाचवण्याचं साधन असतं. अवयव घेऊन जाणारं विमान आठवड्यातून एकदा उतरलं तरी त्याची किंमत पैशांत होत नाही. हे सगळं मान्य. पण मग धावपट्टी ही अग्निशमन बंबासारखी सार्वजनिक सोय आहे असं मोकळेपणानं म्हणावं आणि तिचा खर्च तसा मांडावा. तिला प्रवासी सेवा म्हणायचं आणि मोजताना मात्र धावपट्टी मोजायची, असा दुहेरी हिशेब नको.

दुसरा आक्षेप बाजाराचा: प्रवासी आले तर फेऱ्या वाढतील, आधी प्रवासी दाखवा. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ज्या गावात एसटीच आठवड्यातून तीनदा येते तिथं स्टँडवर गर्दी दिसत नाही म्हणून गावाला कुठं जायचंच नसतं, असं कुणी म्हणत नाही. सरकार तूट भरून देणारच असेल, तर तीच रक्कम पाच मार्गांवर तीन-तीन फेऱ्यांसाठी पसरण्याऐवजी एका मार्गावर रोज सकाळी-संध्याकाळी विमान उडवायला द्यावी. पाचपैकी चार गावांचे आमदार नाराज होतील. आजही पाचांपैकी बहुतेकांना काही मिळत नाही, फक्त ते कळायला तीन वर्षं लागतात.

अंतर कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे, ज्यात विमान लागतच नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात काम करू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांना एका तारखेसाठी मुंबई गाठावी लागे, ती वारी संपली. वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर तीनशे किलोमीटर होतं आणि आहे. कोल्हापूरकरांसाठी न्यायालय मात्र एका दिवसात तीनशे किलोमीटरनं जवळ आलं.

धावपट्टी मोजायची आणि फेऱ्या विसरायच्या, हा प्रकार सोलापूरला वेगळ्याच रूपात घडला. विमानाच्या मार्गात येते म्हणून एका साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी पाडायची की नाही, यावर शहर वर्षानुवर्षं दोन तट पडून भांडलं. मोर्चे निघाले, न्यायालयात खटले चालले. १५ जून २०२३ रोजी ती उंच चिमणी स्फोटानं पाडण्यात आली. धुरळा बसला. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. गोव्याला जाणारं प्रवासी विमान उडालं ते जून २०२५ मध्ये, चिमणी पडल्यावर दोन वर्षांनी. चिमणी पाडा आणि चिमणी वाचवा म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या भाषणांत विमान आठवड्यातून किती वेळा येणार, किती वाजता येणार आणि त्याच दिवशी परत फिरता येणार का, हा मुद्दा शोधूनही सापडायचा नाही.

हाच मुद्दा प्रत्येक विमानतळाच्या फलकावर लिहिला जाऊ शकतो. येथून सकाळी निघून, तिथं सहा तास काम करून, रात्री घरी परतता येईल अशी शहरं किती? राज्यातल्या प्रत्येक विमानतळाला हा एक आकडा दरवर्षी जाहीर करायला लावला, तर तो अनेक ठिकाणी शून्य येईल आणि बऱ्याच ठिकाणी एक. तो शून्याचा एक, एकाचा दोन करण्यासाठी काय लागेल याची यादी फार मोठी नाही: मुंबई-नवी मुंबईत राखीव वेळा, छोट्या विमानतळांवर दिवे आणि दोन पाळ्यांचे नियंत्रक, तुटीची भरपाई किलोमीटरऐवजी फेऱ्यांच्या नियमिततेवर, आणि मुंबईला वळसा न घालता नागपूर, कोल्हापूर, नांदेड, नाशिक, संभाजीनगर यांना एकमेकांशी जोडणारी दोन-तीन लहान विमानं.

१९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं, बहुधा डिसेंबरात. राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांनाही सरकारनं जवळ यावं, हा त्यामागचा विचार. दरवर्षी कोल्हापूरचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, ऊस उत्पादक तिथं मोर्चा घेऊन जातात. दुपारी गाडीत बसायचं, रात्री पुण्यात चहा, पहाटे मनमाडची थंडी, सकाळी खानदेश, दुपारी वऱ्हाड. डब्यात घोषणांच्या टोप्या एका पिशवीत, भाकरी-ठेचा दुसऱ्या पिशवीत. भुसावळ गेल्यावर कुणीतरी मोबाइल काढून कोल्हापूर-नागपूर अंतर बघतं: ७०० किलोमीटर, एक तास वीस मिनिटं. शेजारी तो मोबाइल हातात घेऊन पाहतात, हसतात, आणि अकोला किती वाजता येईल ते विचारतात.